या टाळ्या कुठल्या?

1968 साली ‘क्रीम’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘व्हील्स ऑफ फायर’ हा अल्बम आला. चकचकीत चंदेरी वेष्टन, आत दोन तबकड्या. पहिलीवर स्टुडिओत बांधलेली नऊ गाणी, दुसरीवर प्रेक्षकांसमोर वाजवलेली चार. या दुसऱ्या तबकडीची ओळख ‘लाइव्ह अ‍ॅट द फिलमोर’ अशी दिली होती. फिलमोर हे सॅन फ्रान्सिस्कोतलं, त्या काळात रॉकच्या जगात सर्वांत नावाजलेलं सभागृह. प्रत्यक्षात त्या चारांपैकी एकच गाणं, जिंजर बेकरच्या ड्रम्ससाठी असलेलं ‘टोड’, फिलमोरमध्ये मुद्रित झालं होतं. बाकीची तिन्ही तिथून चालत जाण्याच्या अंतरावरच्या विंटरलँडमध्ये वाजवलेली आहेत. विंटरलँड म्हणजे मुळात बर्फावर स्केटिंग करायची जागा. मोठी, भरपूर माणसं मावणारी, पण फिलमोरइतकं वलय नसलेली.

आता यात कुणाचं काय बिघडलं? बँड तोच, शहर तेच, महिनाही तोच. जागेचं नाव बदलल्याने एरिक क्लॅप्टनच्या गिटारचा एकही सूर हलत नाही. तरी मला या बारीकशा लबाडीपासूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण जो अल्बम स्टुडिओतलं काम आणि रंगमंचावरचं काम वेगळं ठेवण्याच्या बाबतीत इतका सरळ वागला, त्यालाही वेष्टनावर एक खोटं छापावंसं वाटलं. पुढच्या पन्नास वर्षांत या धंद्याने जे केलं त्यापुढे ते खोटं अगदीच किरकोळ आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ‘लाइव्ह’ म्हणून जे विकलं जातं, मग ती तबकडी असो, फोनवर ऐकायचा अल्बम असो की मैदानातल्या कार्यक्रमाचं तिकीट, ते कुठे आणि कधी वाजलं, नंतर त्यात काय घातलं, काय काढलं, हे गिऱ्हाइकाला सांगण्याचं बंधन विकणाऱ्यावर असावं. दुरुस्ती करायला माझी हरकत नाही. ती दडवायला आहे.

‘व्हील्स ऑफ फायर’ सलग ऐकला तर एकाच वेष्टनात दोन वेगळे बँड आहेत की काय असं वाटतं. पहिल्या तबकडीवरचं ‘व्हाइट रूम’ घ्या. सुरुवातीचा भाग पाच मात्रांच्या चालीत. त्यात निर्माता फेलिक्स पापालार्डी व्हायोला वाजवतो, बेकर ड्रम्सशिवाय टिंपनी वाजवतो, क्लॅप्टनच्या गिटारचे थर एकावर एक चढवलेले. न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत टॉम डाउड या इंजिनिअरकडे आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे मुद्रित करू शकणारं, यंत्र होतं, त्या वेळी लंडनमधले बहुतेक स्टुडिओ चार ट्रॅकवर काम करत होते. आठ ट्रॅक म्हणजे एकाच माणसाला स्वतःच्याच वादनावर पुन्हा पुन्हा वाजवायची मोकळीक. ‘अ‍ॅज यू सेड’ या गाण्यात तर क्लॅप्टन मुळी नाहीच. बँडचा बेसवादक जॅक ब्रूस गातो, अकूस्टिक गिटार वाजवतो आणि चेलोही वाजवतो. दोन हातांच्या माणसाला हे एका वेळी जमणं शक्य नाही, आणि ते जमलं असा दावा कुणी केलाही नाही. ही तबकडी म्हणजे कागदावर लिहिलेल्या रचनेसारखी वस्तू आहे. ती टेपवर घडली, टेपवरच पूर्ण झाली.

दुसऱ्या तबकडीवर ‘स्पूनफुल’ आहे. विली डिक्सनने लिहिलेलं, हाउलिन वुल्फने 1960 मध्ये गायलेलं हे ब्लूज. क्रीमने स्वतःच्या 1966 च्या पहिल्या अल्बममध्ये ते साडेसहा मिनिटांत आटोपलं होतं. विंटरलँडमध्ये तेच जवळजवळ पावणेसतरा मिनिटं चालतं. गाण्याचे शब्द संपतात आणि मग तिघं एकमेकांना ऐकत, कधी न ऐकता, सुटतात. बेस साथ करायचं सोडून स्वतःचंच काही सांगायला लागतो, गिटार त्याला उत्तर देते, ड्रम्स दोघांना ढकलत राहतात. मधली काही मिनिटं रेंगाळतात, हेही खरं. ‘टोड’ची सव्वासोळा मिनिटं तर ड्रम्सवर जीव असणाऱ्यांनीच शेवटपर्यंत ऐकावीत. (एकदा ऐकली, पुरे झालं.) पण रेंगाळणं हा त्या रात्रीचा भाग आहे. रॉबर्ट जॉन्सनचं 1936 सालचं ब्लूज ‘क्रॉसरोड्स’ या नावाने क्लॅप्टन जिथे वाजवतो, तिथे आपण ठोका चुकलो आहोत, असं त्याने स्वतः नंतर मुलाखतीत सांगितलं. तबकडी निघाली तेव्हा ते कुणी दुरुस्त केलं नाही, आणि गिटार शिकणाऱ्या दोन-तीन पिढ्यांनी तो सोलो सुरासुराने पाठ केला.

हे दोन प्रकारचे गुण आहेत आणि त्यांना दोन प्रकारचे नियम लागतात. स्टुडिओतल्या गाण्याला विचारायचा प्रश्न असा की, हवा तेवढा वेळ आणि हवी तेवढी साधनं हाताशी असताना तू काय घडवलंस? रंगमंचावरच्या गाण्याला विचारायचं ते असं की, वेळ एकच, संधी एकच, समोर माणसं बसलेली, तेव्हा तुला काय सुचलं? पहिल्यात चूक राहिली तर तो आळस. दुसऱ्यात चूक राहिली तर ती त्या जोखमीची किंमत, आणि जोखीम होती म्हणूनच तर दाद. दोन तबकड्यांची मांडणी हे दोन प्रश्न शेजारी शेजारी ठेवते आणि ऐकणाऱ्याला सांगते की कान बदल, आता वेगळ्या अपेक्षेने ऐक.

या मांडणीमागे निव्वळ कलेचा विचार होता असं मी भाबडेपणाने म्हणणार नाही. दौऱ्यांवरून दौरे चालू होते, बँडमधली भांडणं वाढली होती, नोव्हेंबर 1968 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या कार्यक्रमानंतर क्रीम संपलाच. नवी गाणी रचायला उसंत नसलेल्या बँडकडून दुसरी तबकडी भरून घ्यायची तर कार्यक्रमाची टेप हा स्वस्तातला मार्ग. चार वादनांत पाऊण तास भरतो. ब्रिटनमध्ये कंपनीने दोन्ही तबकड्या सुट्याही विकायला काढल्या. धंद्याच्या सोयीतून आलेली गोष्ट श्रोत्याच्याही सोयीची निघाली, एवढंच.

पुढच्याच वर्षी पिंक फ्लॉइडने ‘उम्मागुम्मा’मध्ये हीच मांडणी घेतली आणि क्रम उलटा केला. आधी कार्यक्रमाची तबकडी, मग स्टुडिओची. स्टुडिओच्या तबकडीत चौघांनी आपापला वाटा स्वतंत्रपणे भरायचा होता. रिचर्ड राइटने ग्रीक पुराणातल्या सिसिफसच्या नावाची चार भागांची रचना केली. डेव्हिड गिल्मोरने रॉजर वॉटर्सकडे शब्दांसाठी मदत मागितली, त्याने नकार दिला. निक मेसनने ड्रम्सच्या तुकड्याला बायकोची बासरी जोडली. पुढे या अर्ध्या भागाला सर्वांत जास्त नावं कुणी ठेवली असतील तर बँडच्याच लोकांनी. मला मात्र ही तबकडी फसली म्हणूनच उपयोगाची वाटते. शेजारच्या तबकडीवर हेच चौघं ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डॉमिने’ किंवा ‘सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन’ वाजवताना एका अंगाने श्वास घेतात. एकत्र असताना हे लोक काय आहेत आणि सुटे सुटे काय आहेत, याचा इतका उघड पुरावा दुसऱ्या कुठल्या बँडने स्वतःहून छापल्याचं मला आठवत नाही.

आणि वेष्टन? तिथेही गंमत आहेच. लाइव्ह भाग जून 1969 मध्ये मुद्रित झाला असं त्यावर छापलं. प्रत्यक्षात तो 27 एप्रिलला बर्मिंगहॅमच्या ‘मदर्स’ क्लबमध्ये आणि 2 मे रोजी मँचेस्टरच्या कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये मुद्रित झालेला आहे. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही रचना तर या दोन्ही कार्यक्रमांतले भाग जोडून तयार झाली आहे. म्हणजे आपण जी रात्र ऐकतो ती कधी झालीच नव्हती. जोडणी उत्तम आहे, सांधा कानाला लागत नाही. माझा आक्षेप सांध्याला नाहीच. एक ओळ छापली असती तर तीच गोष्ट कुतूहलाने ऐकली गेली असती.

या प्रकारातला सर्वांत हलवून सोडणारा अल्बम माझ्या मते अमेरिकेतल्या ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘ईट अ पीच’. साल 1972. गिटारवादक ड्वेन ऑलमन 29 ऑक्टोबर 1971 रोजी जॉर्जियातल्या मेकन गावी मोटरसायकलच्या अपघातात गेला. वय 24. अल्बम अर्धवट होता. उरलेल्यांनी त्याच्याशिवाय तीन गाणी स्टुडिओत मुद्रित केली आणि त्यांच्या जोडीला तो असताना स्टुडिओत आणि कार्यक्रमांत मुद्रित झालेलं संगीत ठेवलं. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये वाजवलेला ‘माउंटन जॅम’ तेहेतीस मिनिटांहून मोठा. एलपीच्या एका बाजूवर इतका वेळ बसत नाही, म्हणून तो दुसऱ्या आणि चौथ्या बाजूवर तोडून घातला. ऐन वादनात उठून तबकडी बदलायची. बँडचा आदला लाइव्ह अल्बम जिथे संपतो तिथे, ‘व्हिपिंग पोस्ट’च्या शेवटी, टाळ्यांमध्ये याच ‘माउंटन जॅम’चे पहिले सूर सुरू होऊन विरून जातात. तिथे सुटलेलं वादन इथे हाती लागतं. कुठलं गाणं ड्वेन असतानाचं आणि कुठलं तो गेल्यानंतरचं, हे माहीत असल्यावर हा अल्बम वेगळाच ऐकू येतो. ती माहिती काढून घेतली तर उरतात चांगली वाजवलेली नऊ गाणी. माहिती हा संगीताबाहेरचा मामला आहे असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग करून बघावा.

आता भेसळीकडे येतो. रोलिंग स्टोन्सच्या ‘गॉट लाइव्ह इफ यू वाँट इट’ या 1966 च्या तथाकथित लाइव्ह अल्बममधली दोन गाणी चक्क स्टुडिओतली आहेत, वरून प्रेक्षकांचा किंचाळा चिकटवलेला. ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्राचा 1956 चा न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातला कार्यक्रम पॉल गोन्साल्व्हिसच्या सलग 27 आवर्तनांच्या सॅक्सोफोन सोलोसाठी अजरामर झाला. पण तो ज्या मायक्रोफोनसमोर उभा राहून वाजवत होता तो ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओचा होता, रेकॉर्ड कंपनीचा नव्हे. शिवाय कंपनीने त्या कार्यक्रमातला बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला, त्यावर टाळ्या पेरल्या आणि न्यूपोर्टच्या नावाने विकला. 1999 मध्ये रेडिओची टेप आणि कंपनीची टेप जुळवून खरा कार्यक्रम बाजारात आला. त्रेचाळीस वर्षं लोक अर्ध्याअधिक दुसऱ्याच गोष्टीला दाद देत होते.

जुडास प्रीस्टच्या 1979 च्या जपानमधल्या लाइव्ह अल्बममध्ये गायकाने आपला भाग नंतर पुन्हा गायला, म्हणून चाहत्यांनी त्याला टोपणनाव ठेवलं ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’. थिन लिझीचा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ 1978 चा. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो यातलं पंचाहत्तर टक्के काम स्टुडिओतलं, बँडकडची माणसं म्हणतात पंचाहत्तर टक्के रंगमंचावरचं. इतकी वर्षं तो वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू आकडा तोच सांगतात!

यांतली बरीच उदाहरणं हसण्यावारी नेता येतील. एक मात्र मला नेता येत नाही. जानेवारी 1968 मध्ये जॉनी कॅशने कॅलिफोर्नियातल्या फोल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गाणी म्हटली. त्यातल्या पहिल्याच गाण्यात, एका माणसाला केवळ मरताना बघायला म्हणून गोळी घातली, अशी ओळ आहे. तबकडीवर त्या ओळीनंतर एक जोरदार आरोळी ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, कारण खुनाच्या ओळीला कैदी दाद देत आहेत. ती आरोळी तिथे नव्हतीच. नंतर मिक्सिंगच्या वेळी घातलेली आहे. प्रत्यक्षात पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेले कैदी तुरुंगाविषयीच्या किंवा गुन्ह्याविषयीच्या ओळींवर दाद द्यायला बिचकत होते. गाणं उठावदार झालं यात शंका नाही. पण जिवंत, नावगाव असलेल्या, स्वतःची बाजू मांडायची सोय नसलेल्या माणसांच्या तोंडी एक प्रतिक्रिया घातली गेली, आणि ‘कैदी हे असेच’ ही घराघरातली समजूत त्या प्रतिक्रियेने आणखी पक्की केली. लाइव्ह मुद्रण हा काही अंशी दस्तऐवज असतो. त्यात फक्त कलाकार नसतो, समोरची माणसंही असतात. दस्तऐवजात फेरफार केल्यावर ‘शेवटी गाणं छान झालं ना’ हे उत्तर चालत नाही.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येतो. मायक्रोफोन कुठे ठेवायचा इथपासून निवड सुरू होते, चार रात्रींपैकी कुठली घ्यायची हीसुद्धा निवडच, मग शुद्ध लाइव्ह असं काही असतं का? नसतं. मान्य. शुद्ध दस्तऐवजही नसतो, म्हणून आपण बनावट दस्तऐवज चालवून घेत नाही. आणि मिश्रण उघडपणे करणारे कलाकार होतेच की. ग्रेटफुल डेडने 1968 च्या ‘अँथम ऑफ द सन’मध्ये अनेक कार्यक्रमांच्या टेप आणि स्टुडिओतलं काम एकमेकांत विरघळवून तिसरंच काहीतरी केलं, आणि त्याला कुणी लबाडी म्हणत नाही. जॅक्सन ब्राउनने 1977 च्या ‘रनिंग ऑन एम्प्टी’मधली गाणी रंगमंचावर, हॉटेलच्या खोल्यांत आणि चालत्या बसमध्येसुद्धा मुद्रित केली आणि कुठलं गाणं कुठे ते छापून टाकलं. बसच्या इंजिनाची घरघर माहिती असल्यामुळेच गोड लागते. ‘द हू’ने 1970 च्या ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’च्या तबकडीवर हाताने लिहिल्यासारखी सूचना छापली की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका. टेपमध्ये दोष होता, तो त्यांनी सांगून टाकला. विक्रीचं काही नुकसान झालं नाही.

दुसरा आक्षेप: लोकांना फरक पडत नाही, त्यांना मजा हवी. मग 1990 मध्ये मिली व्हॅनिली या जोडीच्या नावावरची गाणी दुसऱ्याच गायकांनी गायली आहेत हे बाहेर आलं, तेव्हा ग्रॅमी परत का घ्यावं लागलं, आणि अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेतलेल्यांना पैसे परत देण्यापर्यंत गोष्टी का गेल्या? लोकांना फरक पडतो. त्यांना कळायची सोय नसते, म्हणून ते गप्प असतात. बिस्किटाच्या पुड्यामागचे घटक दहातले नऊ जण वाचत नाहीत, तरी ते छापायची सक्ती उठवावी असं कुणी म्हणत नाही.

मराठी श्रोत्याला तर हा फरक आजोबा-पणजोबांपासून ठाऊक आहे. बालगंधर्वांचं पद रंगभूमीवर वन्स मोअर घेत घेत कितीही लांबायचं, आणि तेच पद तबकडीवर साडेतीन मिनिटांच्या आत बसवलं जायचं. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून त्यांच्या मैफलीचा अंदाज बांधता येतो असं कुणी जाणत्याने म्हटलं नसतं. तबकडीवरची तीन मिनिटं हा वेगळा, कसून घडवलेला जिन्नस, आणि मैफल ही मैफल. खाजगी बैठकांच्या ध्वनिफिती हातोहात फिरायच्या तेव्हाही पहिला प्रश्न असायचा, कुठली बैठक, कधीची, तबल्यावर कोण? तानपुरा लावतानाचा खोकला, मध्येच उठलेली ‘क्या बात है’, कुठेतरी वाजलेली कपबशी, हे सगळं त्या फितीच्या खरेपणाचे दाखले होते. आज त्याच परंपरेतल्या मैफलींची मुद्रणं ‘स्वच्छ’ करून येतात. खोकला गेला, इथवर ठीक. सूर किती सरकवला, तान कुठल्या दुसऱ्या रात्रीची, हे कोण सांगणार?

कारण आता सांधा ओळखणं मानवी कानाच्या आवाक्याबाहेर गेलं आहे. 1968 मध्ये टेप ब्लेडने कापून चिकटवायची होती. 1997 मध्ये बेसूर आवाज सुरात आणणारं ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर आलं. ते तयार करणारा माणूस आधी तेलसाठे शोधण्यासाठी भूकंपलहरींचं गणित करायचा. तेच गणित गळ्याला लावलं आणि बेसूर गाणं हा प्रकारच पर्यायी झाला. आता ते कार्यक्रम चालू असतानाही लावता येतं. गेल्या काही वर्षांत तर एकाच ट्रॅकवर मिसळून बसलेले आवाज वेगळे काढणारं तंत्र आलं. 2023 मध्ये बीटल्सचं ‘नाउ अँड देन’ निघालं ते जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून असा सोडवून. तिथे ते कसं केलं हे जगाला सांगितलं, आणि म्हणूनच ते स्वीकारलं गेलं. हेच तंत्र एखाद्या कार्यक्रमाच्या मुद्रणावर गुपचूप चालवलं तर काय खरं वाजलं होतं ते पुढे कुणालाच कळणार नाही.

वर फोनवर ऐकण्याच्या सवयीने दोन तबकड्यांमधली भिंतही पाडली. ‘व्हील्स ऑफ फायर’ आता एका यादीतली तेरा गाणी आहे. शफल लावलं की ‘व्हाइट रूम’मागून थेट दुसऱ्या तबकडीवरचं ‘ट्रेनटाइम’ येतं, आणि नव्या श्रोत्याला वाटतं की या बँडला आवाजाचा दर्जा सांभाळता येत नव्हता.

याची सर्वांत मोठी किंमत मोजतात ते प्रामाणिकपणे वाजवणारे. तिशीतला एखादा गायक खरोखर समोर उभा राहून गातो, वरच्या षड्जाला किंचित कमी पडतो, आणि ऐकणारा त्याची तुलना दुरुस्त करून ‘लाइव्ह’ म्हणून टाकलेल्या मुद्रणाशी करतो. हा सामना सुरू होण्याआधीच हरलेला असतो. तीच गत साथीदारांची. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत एकेकाळी व्हायोलिनवाल्यांची रांग असायची, ब्रास असायचं. आज कित्येक ठिकाणी मायनस-वन ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळून आधीच मुद्रित केलेली साथ, लावून दोन वादक शोभेला उभे असतात, आणि तिकिटाचा दर मात्र भरल्या वाद्यवृंदाचा. ट्रॅक वापरू नका असं मी म्हणत नाही. छोट्या मंडळांना वाद्यवृंद परवडत नाही, हे उघड आहे. पण पाच हजारांच्या तिकिटावर ‘यातलं काही संगीत पूर्वमुद्रित आहे’ ही ओळ छापायला कसली अडचण?

कायद्याकडे पाहिलं तर एक पोकळी दिसते. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलाकाराला त्याच्या सादरीकरणाची विटंबना रोखण्याचा हक्क दिला आहे, आणि निव्वळ तांत्रिक कारणाने केलेली काटछाट ही विटंबना नव्हे असंही त्याच कलमाखाली स्पष्ट केलं आहे. यात श्रोता कुठेच नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची सोय देतो, त्यासाठी केंद्रीय प्राधिकरणही आहे. नवा कायदा लगेच हवा असं नाही. ‘लाइव्ह’ हा विक्रीचा दावा मानून या तरतुदीखाली मार्गदर्शक सूचना काढल्या तरी पुरे: जागा, तारीख, एकाहून जास्त कार्यक्रम जोडले असतील तर तसं, नंतर पुन्हा गायलेले-वाजवलेले भाग, आणि टाळ्या त्याच कार्यक्रमातल्या आहेत की नाहीत.

कंपन्या म्हणतील, इतका तपशील ठेवणं अशक्य आहे. पण तो त्यांच्याकडे असतो. प्रत्येक टेपच्या डब्यावर तारीख असते, प्रत्येक स्टुडिओची नोंदवही असते, आजच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये तर बरेचसे फेरफार जपलेले असतात. पन्नासाव्या वर्षी याच कंपन्या जाडजूड पेटीसंच काढतात, त्यासोबत चकचकीत पुस्तिका देतात, आणि त्या पुस्तिकेत कुठलं गाणं कुठल्या रात्री, कुठल्या सभागृहात, कुठल्या यंत्रावर मुद्रित झालं हे सगळं बारकाईने छापलेलं असतं. किंमत कित्येक हजार रुपये. ज्या श्रोत्याला या तपशिलाची पर्वा नसते असं ऐन विक्रीच्या दिवशी सांगितलं जातं, तोच श्रोता म्हातारपणी तो तपशील विकत घ्यायला रांगेत उभा असतो, आणि हे कंपनीच्या हिशेबनीसाला पक्कं ठाऊक असतं.